दोघींची दुर्बीण

शेजारची खुर्ची अजून रिकामी होती. एदमेने कोटावरचा ब्रोच नीट केला आणि मनातलं वाक्य पुन्हा एकदा म्हणून पाहिलं: सोलांज, नाटकानंतर कॉफी घेऊ या का? उन्हाळाभर घासूनपुसून तिने ते एवढंसं केलं होतं. आधी त्यात ‘झालं गेलं’ होतं, ‘माझंही चुकलं’ होतं, आईचं नाव होतं. एकेक करून ते सारे शब्द तिने काढून टाकले. आता उरलं होतं कुणालाही म्हणता येईल असं वाक्य. म्हणूनच ते बहिणीलाही म्हणता येण्याजोगं होतं.

नगरपालिकेच्या नाट्यगृहातल्या पहिल्या सज्जातल्या, कठड्यालगतच्या या दोन खुर्च्या मुळात आईबाबांच्या. दर सप्टेंबरात दोघी बहिणी आपापल्या खुर्चीचं हंगामाचं तिकीट न चुकता काढत. सोलांज ग्रंथालयात होती, एदमे समोरच्या संग्रहालयात. मधल्या चौकातलं कारंजं हिवाळ्यात गोठतं ते या दोघींच्या अबोल्यानेच, असं गावात गमतीने म्हणत. पुढे दोघी निवृत्त झाल्या. अबोला मात्र निवृत्त झाला नाही.

खुर्च्यांबरोबर आईची दुर्बीणही वाट्याला आली होती, पण ती एकच. मध्यंतरापर्यंत एदमेची, नंतर सोलांजची. मध्यंतराला एदमे ती खुर्च्यांच्या मधल्या हातावर ठेवी. सोलांज काही न बोलता उचली, खेळ संपला की घरी नेई आणि पुढच्या नाटकाला पुन्हा तिथेच आणून ठेवी. दर वेळी तिची चाकी सोलांजच्या डोळ्यांना जुळवलेली असे. ती उलटी फिरवताना एदमेला वाटे, ही मुद्दाम करते.

गेल्या हंगामात मात्र चाकी जागची हललेली नव्हती. एकदाही नाही. दुर्बीण डोळ्यांना लावावी, तो रंगमंच लख्ख समोर. एदमेने या गोष्टीचा पुष्कळ विचार केला. तिला दुसरा अर्थ सापडेना. बहीण तिच्यासाठी धूसर पाहत होती. कॉफीचं वाक्य हे त्याचं उत्तर होतं.

“माफ करा हं, मादाम. पाय जरा आत घेता?”

एक धिप्पाड गृहस्थ वाट काढत आला आणि सोलांजच्या खुर्चीत बसला.

“इथे कुणीतरी बसणार आहे,” एदमे म्हणाली.

“बसलंय की. मीच.” त्याने तिकीट दाखवलं. “मादाम सोलांजनी दिलं. मी फिर्मां. त्यांच्या घराखाली मटणाचं दुकान आहे ना, ते माझं.” त्याचे गुडघे कठड्यावर आपटले. “देवा! इथे यायचं तर पाय घरी ठेवून यायचे असतात का?”

मागून कोणीतरी शूऽऽ केलं.

“अहो, पडदा तरी वर जाऊ द्या!” तो मागे वळून म्हणाला. मग खिशातून दुर्बीण काढून त्याने ती जपून मधल्या हातावर ठेवली. “ही तुमची. बरोबर इथेच ठेवायची, असं मला दोनदा बजावलंय.”

“ती कुठे आहे?”

“लीलला. त्यांच्या नवऱ्याचा पुतण्या तिकडे आपल्या घरी घेऊन गेला गेल्या आठवड्यात. एकटीनं जमेना हो आता. डोळे असे...” तो थबकला. “तुम्हाला ठाऊक नाही? वर्ष उलटून गेलं. बघायला जावं तर मधोमध काळा डाग, कडेकडेचं काय ते दिसायचं. दुकानात यायच्या, मागायच्या कोंबडी आणि बोट दाखवायच्या सशाकडे. मी आपला मुकाट्याने कोंबडी बांधून द्यायचो.”

एदमेचा अंगठा चाकीवर गेला. चाकी होती तिथेच होती.

“मग ती इथे काय बघायला येत होती?”

“मीही तेच विचारलं. म्हटलं, अहो, नुसतं अंधारात बसायला पैसे कशाला भरता? तर म्हणतात कशा, समोर बघत बसलं की शेजारचं दिसतं.” तो हसला. “वय झालं की माणसं काहीबाही बोलतात. म्हणजे, तुम्हाला नाही हं म्हणत.”

एदमेने दुर्बीण उचलून घेतली.

“पुतण्याचा नंबर आहे माझ्याकडे. देऊ? फोन लावा, बरं वाटेल त्यांना.”

तिने वाक्य पुन्हा मनात म्हणून पाहिलं. त्यात नाटक होतं, नाटकानंतरची कॉफी होती. लीलला पोचेल असा त्यात एकही शब्द नव्हता. जे पोचले असते, ते तिने उन्हाळ्यातच काढून टाकले होते.

“मध्यंतरात बघू,” ती म्हणाली.

पडद्यामागून नाटक सुरू होत असल्याचे तीन ठोके पडले. अंधार झाला. नाटक विनोदी होतं; फिर्मां इतरांच्या अर्धा क्षण आधी हसे. एदमेने दुर्बीण हातातच धरून ठेवली. नजर समोर रोखून, मान जराही न वळवता, शेजारचं दिसतं का ते ती बघत होती. काळ्या कोटाची एक बाही दिसली. आणि त्या बाहीच्या जागी गेल्या वर्षभर सोलांजला आपण कशा दिसत असू, ते काही केल्या तिला आठवेना. बहुधा हनुवटी वर. बहुधा ओठ मिटलेले.

मध्यंतराचे दिवे लागले. फिर्मां पाय मोकळे करायला बाहेर गेला. एदमेने सवयीने दुर्बीण मधल्या हातावर ठेवली.

तळव्यांची ऊब तिच्यात अजून होती. ती निवेपर्यंत एदमे समोरच्या पडद्याकडे बघत राहिली.