विहिरीतलं कासव

मे महिन्यात डोंबिवलीतल्या एका सोसायटीच्या विहिरीत गुडघाभर पाणी उरलं आणि तळाला कासव दिसलं. मोटर आणखी खाली सोडली तर तळाचं पाणीही उपसलं जाऊन ते मेलं असतं, म्हणून आधी त्याला हलवायला हवं होतं. विहीर मूळची तिथेच राहणाऱ्या परशुरामच्या शेतातली, म्हणून ते काम त्याच्याच गळ्यात पडलं.

ओल्या गोणपाटात कासव घेऊन तो आणि त्याची बायको शालू दुपारभर रिक्षाने फिरले. गावचं तळं बुजवून तिथे पार्किंग झालेलं. नाल्याला केमिकलचा वास येत होता, आणि खाडीच्या खाऱ्या पाण्यात ते जगलं नसतं. शेवटी त्यांनी कासव परत विहिरीतच सोडलं.

"मोटर आहे तिथेच राहू दे," शालूने सेक्रेटरीला सांगितलं. "टँकर मागवा. त्यालापण जीव आहे."

दोन दिवस टँकर आला. तिसऱ्या आणि चौथ्या दिवशी आलाच नाही. घरात सून बाळंतीण होती, बाळ नऊ दिवसांचं. शालूने कोरडा नळ पुन्हा एकदा उघडून पाहिला, पिंप वाकडं केलं. तांब्याभरसुद्धा पाणी निघालं नाही.

"अहो," ती परशुरामला म्हणाली, "सेक्रेटरीला सांगा, मोटर खाली सोडा."

"आणि कासव?"

शालू आत बाळाकडे गेली. तासाभराने नळाला गढूळ पाणी आलं, तेव्हा तिने खाली मान घालून बादली लावली.