मध्येच बोलणं
"ही साधी एसएसडी आहे, जुन्या हार्ड डिस्कच्या जागी बसते," दुकानदार म्हणाला. "मोठ्या फाइली टाकताना मंदावते, बंद पडायच्या आधी सांगत नाही. पण तुमचा जुना लॅपटॉप झटक्यात उघडेल."

घशाच्या ऑपरेशननंतर जयवंतरावांचा आवाज गेला होता. ते टाइप करायचे आणि लॅपटॉप वाचून दाखवायचा. पण तो सुरू होईपर्यंत गप्पांचा विषय बदललेला असायचा. मग ते नुसती मान हलवायचे.

"साठवायचं काही नाही हो," त्यांच्या पत्नी हेमांगीताई म्हणाल्या. "बोलणं वेळेवर व्हायला हवं. बसवा."

संध्याकाळी घरी, एकदा आंबोलीच्या घाटात आपण स्वतः गाडी कशी चालवली, ते त्या नणंदेला फोनवर रंगवून सांगत होत्या. शेजारून लॅपटॉप बोलला, "खोटं. गाडी मी चालवत होतो."

कित्येक महिन्यांनी नवऱ्याने त्यांना मध्येच अडवलं होतं. भरल्या डोळ्यांनी त्या हसल्या. "वन्सं, आता तुमच्या भावाचंच ऐका."