डिसेंबरचं पान

संस्थेच्या पुढच्या वर्षीच्या कॅलेंडरसाठी शर्वाणीताईंनी बारा मुलांचे फोटो टेबलावर ओळीनं मांडले होते. बाराही जणांना तोच दुर्मीळ आनुवंशिक आजार होता. कॅलेंडरं खपली की त्या पैशावर प्रयोगशाळेतलं औषधाचं संशोधन वर्षभर चालायचं. पण यंदाच्या कॅलेंडरातला जुलैच्या पानावरचा मुलगा जूनमध्येच गेला आणि आपलं पान येण्याआधीच मूल जातं, असा सगळ्या आयांनी धसका घेतला.

सकाळपासूनचा सातवा फोन परभणीहून आला. "ताई, माझ्या पोरीला जानेवारी नको. डिसेंबरचं पान द्याल का? हसू नका मला."

"अहो, असं काही नसतं," हे आधीच्या सहाजणींना ऐकवलेलं उत्तर ताईंच्या ओठांवर आलं आणि तिथंच थिजलं. समोर डिसेंबरच्या पानावर त्यांचा स्वतःचा निहार हसत होता. पहिल्याच दिवशी, कुणाशी काही न बोलता, त्यांनी त्याला तिथं बसवून टाकलं होतं.

"देते," त्या कशाबशा म्हणाल्या. फोन ठेवून त्यांनी दोन्ही फोटोंची अदलाबदल केली.

संध्याकाळी छापखान्याचा माणूस फोटो न्यायला आला. एकेक निरखत म्हणाला, "ताई, या जानेवारीच्या मुलाच्या गालावर काजळ लागलंय. पुसून घेऊ?"

"पुसू नका!" ताई ओरडल्याच. "मीच लावलीय तीट. महिनाभर पाच हजार घरांतली माणसं बघणार आहेत त्याला."