लेकीकडचा मुक्काम

“हजर हाय, साहेब,” भिमाजी चौकीच्या दारात उभा राहून म्हणाला. दिवस बुडायला आला होता.

यशवंतराव हवालदारांनी कपाळाला हात लावला. “अरे, हजेरीचा कायदा उठून वर्ष झालं. सरकारनं तुला सोडलं. तू सरकारला कधी सोडणार?”

भिमाजी नुसता हसला आणि पायरीवर टेकला. तो चाकणजवळच्या वाडीतला रामोशी. इंग्रजांच्या कायद्यानं त्याची अख्खी जातच चोर ठरवली होती. चोरी केलेली असो वा नसो, रोज सांजेला चौकीत तोंड दाखवायचं आणि रात्री गाव सोडायचं नाही. गंमत अशी, की गावाची राखण पिढ्यानपिढ्या रामोशाकडे आणि रामोशाची राखण पोलिसाकडे. कोण कुणाला भीत होतं, देव जाणे.

“आकुर्डीला जावं म्हणतो उद्या. लेकीकडं.”

“जा की.”

“मुक्कामाला.”

भिमाजीची लेक कुशा लग्न होऊन आकुर्डीला गेली, त्याला बरीच वर्षं झाली होती. इतक्या वर्षांत तो तिच्या घरी एकदाही झोपला नव्हता. अंधारात निघायचं, दुपारी पोचायचं, चहा तोंडाला लावायचा आणि उन्हाकडे बघत परत फिरायचं. नातवाच्या बारशाला बायका पाळणा म्हणायला उभ्या राहिल्या, तेव्हा हा वाटेला लागला होता.

“कुशा पहाटं जात्यावर बसली की माज्यावर ओवी म्हणती म्हणं,” भिमाजी म्हणाला. “तिची जाऊ सांगत व्हती. समद्या आळीनं ऐकलीया, म्याच न्हाई ऐकली. जातं पहाटंचं, आन् म्या पहाटंला कायम हितं. मरायच्या आदी एकदा ऐकावी, येवढंच हाय मनात.”

“मग अडलंय कुठं?”

“म्या तिकडं निजायचो, आन् त्याच राती हितं कुणाचा तरी बैल सुटायचा. समदं गाव आदी माज्या दाराशी येईल. कायदा उठला, साहेब. संशय कुठं उठलाय?”

हे मात्र खरं होतं. यशवंतराव मिशीवरून हात फिरवत बसले. मोकळ्या माणसाला तो मोकळा असल्याचा दाखला देता येत नाही, आणि दिला तरी गाव तो वाचायला थांबत नाही. त्यांना स्वतःला घरी विचारणारं कुणी नव्हतं. बायको कधीच देवाघरी गेली होती. शेवटी ते म्हणाले, “रात्रभर मीच तुझ्याबरोबर असलो तर? मग कोण काय बोलेल?”

थट्टा चाललीय की काय, हेच भिमाजीला कळेना.

एका रात्रीची रजा टाकून यशवंतराव निघाले, पण सवयीनं निळा गणवेश चढवून. शेजारी भिमाजी, बगलेत बोचकं घेऊन. नदी ओलांडून मोशीत शिरतात तोच पारावरच्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, “काय केलं हो ह्यानं, हवालदार?”

भिमाजीची मान खाली गेली. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, असं यशवंतरावांना झालं. त्यांना स्वतःचाच राग आला. ते तडक बाभळीआड गेले, पिशवीतला सदरा घातला, धोतर नेसले. बाहेर आले आणि भिमाजीचं बोचकं काढून घेऊन आपल्या खांद्यावर टाकलं. भिमाजी नको नको म्हणत आकुर्डीपर्यंत त्यांच्या मागं चालत राहिला.

कुशा दारात शेळीला पाला घालत होती. बापाला बघून तिनं आधी आभाळाकडे बघितलं. सूर्य पार कलला होता.

“बा, आता परत कवा पोचशील?”

“मुक्कामाला आलोय.”

तिला ते खरंच वाटेना. तिनं पुन्हा विचारून घेतलं, मग पदर सावरून म्हणाली, “आन् हे पाव्हणं?”

“चाकणचं हायती,” भिमाजी म्हणाला. “रोज भेटतो आमी.”

रात्री कुशानं दोघांना शेजारी बसवून भाकरी वाढली आणि ओसरीवर घोंगड्या अंथरल्या. भिमाजीचा डोळ्याला डोळा लागला नाही. झोप लागली आणि पहाट निघून गेली तर, हीच त्याला धास्ती.

कोंबडं आरवलं. आत जातं घरघरू लागलं. भिमाजी उठून बसला. जात्याच्या घरघरीतून कुशाचा आवाज वर आला:

दिस गं बुडतो, बाप जातो चाकणाला,
त्याच्याबिगर गं, करमंना सरकाराला.

भिमाजीला रडू आवरेना. इतकी वर्षं ज्यासाठी जीव तुटत होता, ते कानावर पडत होतं. मग शेजारी यशवंतराव जागे आहेत हे त्याच्या ध्यानात आलं आणि तो ओशाळला.

“ल्हान व्हती,” तो हळूच म्हणाला. “रोज सांजंला इचारायची, बा, कुठं जातूस? चोर म्हणून जातो, आसं लेकराला कसं सांगावं? म्हटलं, सरकारला माज्याबिगर करमत न्हाई. खोटं बोललो, साहेब.”

यशवंतराव उठून बसले.

“खोटं कुठं बोललास?” ते म्हणाले. “सूर्य कलला की मीच तुझ्या वाटेकडं डोळे लावून बसतो.”