पश्चिम विभागाचे विजेते

“बास्केटबॉलच्या आपल्या व्यावसायिक लीगचा इतिहास रंगरावांशिवाय अपुरा आहे!” निवेदक गरजला, आणि कोल्हापूरच्या या जुन्या कर्णधाराने सत्काराच्या खुर्चीत अंग चोरलं.

इतिहास तसा आटोपशीर होता. लीगचे पूर्व आणि पश्चिम असे दोन विभाग. पश्चिमेत संघ दोनच, कोल्हापूर आणि मिरज. साताऱ्यातल्या निर्णायक सामन्याला मिरजकर पोहोचलेच नाहीत. त्यांची बस वाटेत बंद पडली, आणि कोल्हापूरचा संघ न खेळताच विजेता झाला. ती बंद बस रंगरावांनी पाहिली होती. मिरजकरांनी रस्त्यातून मदतीसाठी हात हलवले, तेव्हा खिडकीतून रंगरावांनीही हात हलवला, आणि ड्रायव्हरला म्हणाले, “चला, उशीर होतोय.”

मिरजेचे तेव्हाचे कर्णधार सायमन लोखंडे माइकपाशी आले. “आमचे गडी अजून म्हणतात, कोल्हापूरची बस आपल्यासमोरून गेली. मी म्हणतो, गप बसा रे! रंगरावानं बघितलं असतं, तर आम्हाला मांडीवर बसवून नेलं असतं.”

सभागृह टाळ्यांनी दणाणलं. निवेदकाने माइक रंगरावांपुढे धरला. बाकीचे थांबले, तरी रंगराव टाळ्या वाजवतच राहिले. थांबलं की बोलावं लागणार होतं.