व्हॉल्व्हची जोडी

“काढ,” काळूराम म्हणाला आणि गिटारच्या तारांवर पंजा ठेवला.

केसरने अ‍ॅम्प्लिफायर बंद केला. पहिली जोडी नापास. दिव्यासारखे काचेचे नवेकोरे चिनी व्हॉल्व्ह होते, मीटरवर एकमेकांशी अगदी बरोबर जुळवलेले, आणि दोन मिनिटांत त्यांचा निकाल लागला. आता ती तापलेली काच निवायची वाट बघायची, आतला चारशे व्होल्टचा साठा वायर लावून उतरवायचा, दुसरी जोडी बसवायची, ती तापू द्यायची. तेवढ्या वेळात या माणसाशी बोलायचं काय? केसर उगाच दारापर्यंत जाऊन आली. मग पेचकस शोधू लागली. पेचकस तिच्या हातातच होता.

काळूराम म्हणजे वरसोलीचा गिटारवाला. रेवसपासून मुरुडपर्यंत हळद कुणाचीही असो, मांडवात गिटार त्याची. त्याच्या कानाबद्दल लोक काहीही सांगत. पलीकडच्या आळीत बेंजोची एक तार उतरली तर म्हणे याच्या घशाखाली घास उतरत नसे. परवाच्या हळदीत त्याच्या जुन्या अ‍ॅम्प्लिफायरचे आवाजाला जोर देणारे दोन्ही व्हॉल्व्ह गेले. उद्या थळला कार्यक्रम. आणि अख्ख्या अलिबागेत व्हॉल्व्हला हात लावणारं दुकान एकच, केसरच्या बापाचं, दयारामचं.

पण दयारामच्या हातांना कंप सुटला होता, आणि चारशे व्होल्टपाशी कंप चालत नाही. वर्षभर दुकान केसर बघत होती. वर्षभर गिऱ्हाईक दारातूनच विचारत होतं, “बाबा नाय का?” नाहीत म्हटलं की अ‍ॅम्प्लिफायर उचलून चालू पडत होतं. शेवटी आज सकाळी दयारामनेच सांगून टाकलं, “काळूदादानं तुझं काम पास केलं तर दुकानाची पाटी राहूदे. नायतर एक तारखेला गाळा मोबाईलवाल्याला देऊन टाकू.”

दुसरी जोडी रशियन. ती बसवताना केसर अ‍ॅम्प्लिफायरच्या मागे वाकून म्हणाली, “काका, सॉकेटला खाऱ्या हवेचा गंज लागला होता. घासून साफ केलंय.”

उत्तर नाही. मोठ्या माणसाने उत्तर कशाला द्यावं! ती आधी चिडली, मग घाबरली, मग परत चिडली.

काळूराम गिटार सुरात लावत होता. गिटारच्या टोकाला चिमट्याने लावलेल्या डबीवर सूर जुळल्याचा हिरवा दिवा लागेपर्यंत तो खुंट्या पिळत राहिला. केसरला जरा वाईटच वाटलं. एवढा नावाजलेला कान, त्याला डबी कशाला हवी?

मग तो वाजवू लागला, हळदीत वाजवतात ते ठेक्याचं गाणं. डावा गुडघा त्याने अ‍ॅम्प्लिफायरच्या पेटीला टेकवून ठेवला होता आणि तारांकडे न बघता सगळा वेळ केसरकडेच बघत होता. केसरला अंग चोरून कुठे उभं राहावं कळेना. तीही त्याच्याच तोंडाकडे बघत राहिली. कपाळावर आठी पडते का, ओठ वाकडा होतो का, एवढंच ती शोधत होती. गाणं कसं वाजतंय म्हणून कुणी विचारलं असतं, तर तिला सांगता आलं नसतं.

“काढ.”

तिसरी जोडी बापाची. बंद पडलेल्या टॉकीजच्या मशीनमधून काढलेली, इतकी वर्षं कपाटात कपड्यांच्या घडीत जपलेली. सकाळी न मागता त्याने ती केसरच्या हातात दिली होती. हीसुद्धा नापास झाली तर दुकानात पुढे काहीच उरलं नव्हतं. केसरने दोन्ही तळवे ओढणीला पुसले, श्वास धरला आणि पिना भोकांत दाबल्या.

ही जोडी त्याने बराच वेळ वाजवली. दोनदा थांबला, परत सुरू केलं.

“दुसरी घाल,” तो म्हणाला. “रशियावाली. तीच ठेव. आणि पुढल्या हप्त्यात आमच्या बेंजोवाल्यांचे दोन अ‍ॅम्प्लिफायर धाडून देतो तुझ्याकडं.”

पाटी राहिली होती. केसरला आनंद झाला, खरंच झाला, पण तो धड मिनिटभरही टिकला नाही. पास झालो ते कशाने, हेच तिला कळलं नव्हतं. ती पेचकस ठेवून त्याच्या समोर येऊन उभी राहिली.

“काका, दुसरीत असं काय होतं, जे तिसरीत नाय? मला सांगाच. पुढलं गिऱ्हाईक आलं की मी काय दर वेळी तुम्हाला वरसोलीवरून बोलवू?”

काळूराम उठला. त्याने दुकानाचं दार लोटून घेतलं आणि परत येऊन बसला.

“कोनाला बोलू नको गो बाय. बेंजोपार्टीवाले उद्याच घरी बसवतील मना. दोन वर्सं झाली, नुसतं घुमल्यासारखं आयकू येतं. तू तोंडासमोर बोलतेस म्हनून कलतं.”

“मग जोडी निवडलीत कशी?”

“दुसरीच्या टायमाला,” काळूराम म्हणाला, “तुझा पाय ठेक्यावर हालत व्हता.”