घरचा नियम

चार वाजले तशी धाकटीनं शिवणयंत्रावरचं काम बाजूला सारलं, कपाटावरून लाकडी फूटपट्टी काढली आणि मास्तरांच्या खुर्चीसमोर स्टूल ओढून बसली.

मास्तर म्हणजे तिचे वडील. शाळेतून निवृत्त होऊन वर्षं झाली, तरी घरात त्यांना दुसऱ्या कुठल्या नावानं कुणी हाक मारली नव्हती. दोन महिन्यांपूर्वी अर्धांगाचा झटका आला. उजवं अंग गेलं, सोबत वाचाही गेली. ज्या आवाजानं चारही भावंडांची बोबडी वळायची, त्यातून आता साधं पाणी मागणं होईना.

स्पीच थेरपीवाली बाई मोठी समजूतदार. म्हणाली, "लहानपणी पाठ केलेलं आधी परत येतं. तुमच्याकडे रोजची प्रार्थना असेल ना? सुरुवात तुम्ही करून द्या, पुढचं त्यांना आपोआप सापडेल."

असेल ना! रोज संध्याकाळी गुडघ्यांवर बसून प्रभूची प्रार्थना. शब्द चुकला की हात पुढे, तळवा वर. पट्टी सणकन बसायची. बसली तरी हात मागे घ्यायचा नाही, सगळी प्रार्थना संपून आमेन होईपर्यंत तसाच धरायचा. हा घरचा नियम. धाकटी नेमकी क्षमेच्या ओळीवर अडखळायची: जशी आम्ही आमच्या अपराध्यांना क्षमा केली, तशी तू आम्हाला कर.

चर्चचे पाळक दर रविवारी सांगायचे, "देव बाप आहे. लेकरू कसं बेधडक मांडीवर चढतं, तसं जा त्याच्याकडे." मांडी म्हणे! बापाची पट्टी तिला ठाऊक होती, मांडी कुठून ठाऊक असणार? चर्चमध्ये सगळे प्रार्थना म्हणत तेव्हा ती 'बापा' हा शब्द तेवढा गिळायची आणि पुढून सूर धरायची. वीस वर्षांत कुणाला पत्ता लागला नव्हता.

पट्टीचं थेरपीवालीनं काही सांगितलं नव्हतं. ती धाकटीची भर.

"म्हणा मास्तर. हे आमच्या..."

"आम... आमच्या..." मास्तरांची मान ताठ झाली. "स्वर... स्वर्गातल्या..."

"पुढे?"

रोज इथंच गाडं अडायचं. तिनं पट्टी स्टुलाच्या पायावर आपटली. मास्तर दचकले आणि तिला बरं वाटलं. खोटं कशाला सांगा, फार बरं वाटलं.

"एवढं सोपं येत नाही? डोक्यात काय दगड भरलेत?"

वाक्य त्यांचंच होतं. तिनं इतकी वर्षं जपून ठेवलेलं, एक शब्द इकडचा तिकडे न करता.

"शेवटचं विचारते. पुढे काय?"

मास्तरांचे ओठ हलले, शब्द सापडेना. मग त्यांनी धड असलेला डावा हात हळूहळू उचलला आणि तिच्यापुढे धरला.

याचीच तर ती वाट पाहत होती. पट्टी वर गेली.

आणि वरच राहिली. मास्तरांचा तळवा खाली होता. त्यांनी मूठ वळली होती, बोटांची हाडं वर करून. मास्तरांनी पोरांना तळव्यावर मारलं होतं, नेहमी तळव्यावरच. हाडांवर एकदाही नाही. मग असा हात धरायला यांना कुणी शिकवलं? तिनं भिंतीकडे पाहिलं. आजोबा, मास्तरांचे वडील, तिला तिथल्या फोटोपुरतेच माहीत होते, ताठ बसलेले, मांडीवर बायबल.

मास्तरांची नजर पट्टीवरून हलेना. वाकड्या तोंडातून शब्द सुटला, अगदी स्वच्छ.

"बापा."

कुणाला म्हणाले, देव जाणे.

"बरोबर आहे," धाकटी म्हणाली. पट्टी तिनं खाली घेतली. "घ्या हात मागे."

घेईनात. हात पुढेच. नियम त्यांना तिच्याहून जुना पाठ होता. आमेन झालं नव्हतं.

धाकटीनं दात आवळले. ती काही माफ करायला बसली नव्हती, पण तो हात खाली जायला हवा होता. मग तिनं स्वतःच प्रार्थना सुरू केली, पहिल्या शब्दापासून. 'बापा' आलं, ते गिळलं नाही, मोठ्यानं म्हणाली. पवित्र नाव झालं, राज्य झालं, रोजची भाकर झाली. क्षमेची ओळ आली आणि ती थांबली.

या वेळी ती अडखळली नव्हती. ओळ तिला चांगली पाठ होती.

मास्तरांनी डोळे घट्ट मिटले. हात तसाच तिच्यासमोर, आणि आमेन अजून दोन-तीन ओळी लांब होतं.